वाळूखालचे पन्नास दिवस

मराठी सिनेमाला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पहिल्यांदा मिळाला तो 'श्यामची आई'ला, १९५४ साली. पाचव्यांदा मिळाला तो 'कासव'ला, २०१७ साली. मध्ये 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट'. पहिला सिनेमा ज्या पुस्तकावर बेतला होता, त्याच्या लेखकाने चार वर्षं आधी, ११ जून १९५० रोजी, आत्महत्या केली होती. पाचवा सिनेमा आत्महत्येच्या कडेवरून मागे आलेल्या एका मुलाचा आहे. या दोन सिनेमांच्या मधल्या त्रेसष्ट वर्षांत नैराश्यावरची औषधं सापडली, जगभर गेली, वादात सापडली, स्वस्त झाली आणि भाईंदर पूर्वेला नवघर रोडवरच्या केमिस्टच्या खणातही येऊन बसली. मराठी कथेत आणि सिनेमात मात्र ती फारशी आली नाहीत. हा लेख त्याबद्दल आहे, आणि मुख्यतः 'कासव'बद्दल.

सुरुवात साने गुरुजींपासून करणं भाग आहे, कारण नैराश्याकडे बघायची आपली नजर तिथे घडली असं मला वाटतं. शाळेत आम्हाला गुरुजी भरपूर शिकवले. आई, पाय पुसायचं फडकं, पंढरपूरचं १९४७ चं उपोषण, सगळं. ते कसे गेले हे मात्र मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, तेही भलत्याच कुणाच्या बोलण्यात. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या मृत्यूबद्दल लिहिणारे जवळजवळ सगळे एकच सूर लावतात. गांधीहत्येने खचलेला, देशाची दशा न बघवणारा, फार हळवा माणूस. जग निष्ठुर, मन कोवळं, म्हणून शेवट तसा. हे स्पष्टीकरण आदरापोटी दिलं जातं आणि ते ऐकायला सुंदरही आहे. अडचण एवढीच की त्यात मृत्यू हा त्या माणसाच्या चांगुलपणाचा पुरावा होऊन बसतो. गुरुजींना आजार होता असं म्हणायचा मला अधिकार नाही, पंचाहत्तर वर्षांनंतर असं निदान कुणी करूही नये. पण आजाराची शक्यतासुद्धा त्या सुरात मावत नाही, हे नोंदवायला हवं. आणि १९५० साली ती मावली असती तरी औषध कुठे होतं? क्षयरोगासाठी बनवलेलं इप्रोनियाझिड मनाची मरगळ घालवतं, हे अमेरिकेत नेथन क्लाइनने मांडलं १९५७ साली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून या डॉक्टरने इमिप्रामिनबद्दल लिहिलं. म्हणजे गुरुजी गेल्यानंतर सात वर्षांनी.

आता 'कासव'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा, निर्माते डॉ. मोहन आगाशे. आगाशे नट म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. ते मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये त्यांनी तो विषय शिकवला आहे. तेव्हा सिनेमाच्या मागे डॉक्टर नव्हता असं म्हणायची सोय नाही. गोष्ट थोडक्यात अशी: जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) इस्पितळातून निघून जातो, भटकत राहतो, आणि जानकी नावाच्या बाईला (इरावती हर्षे) सापडतो. जानकी त्याला आपल्या गाडीतून कोकणात, समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते. तिथे तिचा ड्रायव्हर यदू (किशोर कदम) आहे, परशू नावाचा एक पोर आहे, आणि कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ (खुद्द आगाशे) आहेत. जानकीने हे सगळं स्वतः भोगलेलं आहे, ती थेरपिस्टकडे जाऊन आलेली आहे. म्हणून ती त्याला खोदून काही विचारत नाही. खायला देते, झोपू देते, त्याच्या तुसडेपणाला जागा देते. हळूहळू मुलगा कवचातून डोकं बाहेर काढतो.

मी हा सिनेमा तीनदा पाहिला. पहिल्यांदा कॉलेजात असताना, आणि तेव्हा तो मला संथ वाटला होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी एसिटालोप्राम घेत होतो. त्या खेपेला तो इतका खरा वाटला की मध्येच थांबवावा लागला. राजवाडेचं काम बघा. नैराश्यातला माणूस रडत नाही, तो चिडचिडा, कंटाळवाणा आणि नकोसा होतो, हे मराठी पडद्यावर इतक्या प्रामाणिकपणे आधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे दुःखी माणूस देखणा असावा लागतो. हा देखणा नाही, त्याच्यावर प्रेम करणं कठीण आहे, आणि सिनेमाला ते माहीत आहे. यदूचा संशयही म्हणूनच पटतो. घरात असा मुलगा आणून ठेवला तर कुणीतरी यदूसारखं कुरकुरणारच.

एक योगायोग. 'कासव'चं सुवर्णकमळ जाहीर झालं ७ एप्रिल २०१७ रोजी. त्याच तारखेला मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्याच्यावर खटला भरू नये. मुंबईत १९८६ साली मारुती दुबळ या मानसिक आजार असलेल्या पोलीस शिपायाच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांनी भारतीय दंडविधानाचं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयात ते कलम पडलं, परत उभं राहिलं, आणि नव्या न्यायसंहितेत जुलै २०२४ पासून ते जुन्या रूपात राहिलं नाही. इस्पितळातून पळून जाणारा मुलगा ही कल्पना बेतलेली वाटत असेल, तर हा इतिहास आठवावा. कित्येक वर्षं अशा खाटेशेजारी डॉक्टरच्या आधी हवालदार यायचा.

माझी तक्रार तिसऱ्या खेपेला सुरू झाली, आणि ती सिनेमाच्या काळाबद्दल आहे. 'कासव'मध्ये 'आधी' आहे आणि 'नंतर' आहे. मुलगा बुडालेला असतो, मग तो वर येतो. त्या दोन्हींच्या मधलं जे आहे ते समुद्र, शांतता आणि माणसांची सोबत यांनी भरलेलं आहे, आणि सिनेमा ते सलगपणे, चढत्या क्रमाने दाखवतो. खऱ्या आजारात आणि खऱ्या उपचारात हा मधला काळ असा चढता नसतो. तो सगळ्यात घसरडा असतो. गोळी सुरू झाली की तिसऱ्या दिवशी मळमळ येते, तोंड कोरडं पडतं, काहींची झोप उडते. मनावरचा परिणाम यायला दोन ते चार आठवडे, नीट कळायला सहा ते आठ. म्हणजे पहिले काही दिवस औषधाचा त्रास असतो आणि फायदा नसतो. काहींना विलक्षण अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही. जुने डॉक्टर असंही सांगत आले आहेत की अंगातली शक्ती मनातल्या आशेच्या आधी परत येते, आणि तो फरक धोक्याचा. नेमका हाच काळ आपल्या गोष्टींत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो जो मला मित्रांनी, एका मावशीने आणि ऑफिसातल्या टीम लीडने (त्याने फार हळू आवाजात) विचारला आहे: या गोळ्यांनी माणसं उलट आत्महत्या करतात ना? प्रश्न आकाशातून पडलेला नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यावरच्या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, जो तिथला सगळ्यात कडक इशारा आहे. आधार होता २४ चाचण्यांचा, सुमारे ४,४०० मुलं आणि किशोरांच्या. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण ४ टक्क्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांत. त्या चाचण्यांत एकही मूल दगावलं नव्हतं. २००७ साली इशाऱ्याची वयोमर्यादा २४ पर्यंत वाढवली. पुढे जवळपास एक लाख प्रौढांच्या ३७२ चाचण्या एकत्र बघितल्या तेव्हा चित्र वयागणिक बदलताना दिसलं: पंचविशीच्या आतल्यांत धोका थोडा जास्त, २५ ते ६४ मध्ये तसा फरक नाही, आणि पासष्टीच्या पुढे तो उलट कमी.

मी गोळी सुरू केली तेव्हा माझं वय होतं चोवीस वर्षं आठ महिने. म्हणजे चार महिन्यांसाठी मी चौकटीत होतो आणि वाढदिवसाला चौकटीबाहेर जाणार होतो. कोडमध्ये अशी अट लिहिली की ती रात्री बारा वाजता खरी किंवा खोटी होते. मेंदूत असं काही होत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. पण रात्री दोन वाजता गादीत मोबाईल घेऊन हे वाचत असलात तर पदवी उपयोगालाही येत नाही. आपल्याकडे केमिस्ट पाकिटात पट्टी घालून देतो, माहितीपत्रक क्वचितच हातात पडतं. त्यामुळे इशारा रुग्णाला भेटतो तो असा, एकट्याला, रात्री, इंग्रजीत.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा, जो कुणी शोधत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्ययोजनेच्या नोंदींवरून ग्रेगरी सायमन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पासष्ट हजारांवर रुग्ण बघितले. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं गोळी सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात. सुरू झाल्यावर ते उतरत गेलं. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की गोळी न घेता फक्त समुपदेशन सुरू करणाऱ्यांतही आलेख साधारण तसाच दिसतो. म्हणजे माणसं डॉक्टरकडे जातात तीच मुळी घसरणीच्या तळाशी असताना. छत्र्या उघडलेल्या दिसतात तेव्हाच पाऊस जास्त असतो, म्हणून छत्री पाऊस पाडते असं आपण म्हणत नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. तरुण माणसाला पहिल्या आठवड्यांत गोळीने अस्वस्थता येऊ शकते, हे खरं. आणि त्या आठवड्यांत धोका मुळातच आजाराचा असतो, हेही खरं. यातून 'गोळी घेऊ नका' असं निघत नाही. निघतं ते असं की त्या आठवड्यांत माणसाला एकटं सोडू नका.

गोळीची बाजू घ्यायची म्हणून तिच्या मर्यादा लपवायला नकोत. २०१८ साली लॅन्सेटमध्ये अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्ण एकत्र करून २१ औषधं तपासली. सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण फरक माफक. चार वर्षांनी जोआना मॉनक्रिफ यांनी 'सेरोटोनिन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं' या समजुतीला आधार नाही असं मांडलं आणि सोशल मीडियावर आरोळी उठली की गोळ्या थोतांड आहेत. पण क्रोसिन कमी पडल्याने ताप येतो असं कुठे होतं? कारण नीट माहीत नसताना चालणारे उपचार वैद्यकात ढिगाने आहेत. मला ती गोळी लागू पडली, माझ्या ओळखीच्या एकीला पडली नाही, तिची दोनदा बदलावी लागली. ज्याच्या आजारात चढउतार दोन्ही आहेत, त्याला नुसती ही गोळी दिली तर तो भलत्याच दिशेने चढूही शकतो. म्हणून डॉक्टर विचारतात की आधी कधी झोप न लागता फार उत्साहात होतास का. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद केली तर चक्कर, झटके, चिडचिड होऊ शकते.

आता परत सिनेमाकडे, कारण माझं मुख्य म्हणणं अजून राहिलं आहे. 'कासव'चं रूपक सगळ्यांना आवडलं: धोका दिसला की अंग कवचात ओढून घेणारा जीव. मला ते रूपक अर्धवट वापरल्यासारखं वाटतं. (समुद्रकासवाला तर डोकं आणि पाय कवचात पूर्ण ओढून घेताही येत नाहीत, पण एवढी सूट कवितेला द्यावी.) कोकणातल्या कासवांची खरी गोष्ट कवचाची नाहीच, ती अंड्यांची आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासला जे काम उभं केलं, ते काय आहे? ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि निघून जाते. परत येत नाही. मग गावातला माणूस पहाटे तिच्या पावलांच्या खुणा काढत घरटं शोधतो. अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतो. कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून ती राखायची असतात. साधारण ४५ ते ६० दिवस वरून काहीही दिसत नाही. वाळू तशीच. आत काही चाललंय की सगळं नासलंय, हे उकरून बघायचं नसतं. दिवस भरत आले की टोपली टाकून सकाळ-संध्याकाळ बघायला जायचं.

सहा ते आठ आठवडे म्हणजे ४२ ते ५६ दिवस. कुंपण, तारखेची नोंद, रोजची फेरी, आणि वरून काही दिसत नसताना धरलेला धीर. पहिल्या दोन महिन्यांतल्या उपचाराचं याहून चांगलं चित्र मला सुचणार नाही, आणि ते 'कासव'च्या हातात आयतं होतं. दत्ताभाऊंचं सगळं आयुष्य त्या कुंपणात आहे. पण सिनेमा तिथून मुलाकडे येताना कुंपण मागे ठेवून येतो आणि फक्त समुद्र घेऊन येतो. त्यामुळे बघणाऱ्याच्या मनात जे उरतं ते असं: शहराबाहेर जा, समुद्राजवळ राहा, प्रेमळ माणूस भेटला की तुम्ही बरे व्हाल. समुद्र आमच्याकडेही आहे. पश्चिमेला उत्तन आहे, पूर्वेला जेसल पार्कची खाडी आहे, तिथे संध्याकाळी बाकांवर जागा मिळत नाही. नाही ते जानकीचं घर. इंद्रलोकमधल्या वन बीएचकेत चार माणसं राहतात, तिथे कवचात जायचं म्हटलं तरी बाथरूमशिवाय खोली नाही आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंच.

जानकीचं न विचारणंही मला खटकू लागलं आहे. पडद्यावर ते कमालीचं सुंदर आहे. चौकशा करणाऱ्या समाजात न विचारणारी बाई म्हणजे झाड. पण आपल्याकडे आधीच समज आहे की आत्महत्येबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. यावर भरपूर अभ्यास झाले आहेत आणि विचारल्याने तसं होत नाही, असंच त्यांतून दिसत आलं आहे. उलट पुष्कळांना हलकं वाटतं. माझ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत, रक्तदाब विचारावा तितक्या सरळ आवाजात विचारलं, "मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?" त्या प्रश्नात ना दया होती ना घाबरणं. मग त्यांनी सांगितलं की महिन्याने नाही, आठव्या दिवशी यायचं. पट्ट्या आईकडे राहतील, ती रोजची एक देईल. झोप उडाली किंवा पाय थरथरायला लागले तर ताकद लावून सहन करायचं नाही, फोन करायचा. आणि आईला बोलावून तिलाही तेच सांगितलं. आई पोळीच्या डब्याशेजारी पट्टी ठेवायची आणि रोज रात्री साडेनऊला गोळी हातावर ठेवताना एकच विचारायची, "आज कसं?" मी बहुतेक वेळा "तसंच" म्हणायचो. ती "बरं" म्हणून आत जायची. बाराव्या-तेराव्या दिवशी मला एवढी तळमळ झाली की मी गच्चीवर न जाता तिला उठवलं. फोन झाला, डोस थोडे दिवस कमी केला. यात समुद्र नव्हता. पण पटकथा होती, असं मला अजूनही वाटतं.

या मधल्या काळाला शब्द नसले की काय होतं ते २०२० च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. वांद्र्यात एका नटाचा मृत्यू झाला आणि पुढचे चार महिने वाहिन्यांवर औषधांच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची नावं आणि डॉक्टरांचे मेसेज फिरत राहिले. गोळी म्हणजे कटाचा पुरावा, गोळी देणारा म्हणजे आरोपी. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात, आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला कमकुवत मनाची ठरवू नका, तिच्या खासगीपणात घुसू नका, असं वाहिन्यांना बजावलं. तोवर किती घरांत किती पट्ट्या अर्ध्यावर फेकल्या गेल्या असतील याचा हिशेब नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या आहेत, देशात सर्वाधिक. तिथे कारणांचा रकानाही आहे. देशभरात 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के, 'आजार' १८.४ टक्के. रकाना पोलीस ठाण्यात भरला जातो. माणूस उपचारात होता का, कितव्या आठवड्यात होता, गोळी कधी सोडली, हे त्यात येत नाही. आणि उपचारात असणं हाच मुळात अपवाद: २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत उपचारापर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. गोळ्यांनी माणसं मरतात का हा प्रश्न आपण विचारतो, तेव्हा दहातल्या सात ते नऊ जणांपर्यंत गोळीच काय, कुठलाच उपचार पोचलेला नसतो.

पोचली तर काय होतं याचा एक दाखला आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातलीच माणसं प्रशिक्षण घेऊन घरोघर जायची, ऐकायची. लागेल त्याला समुपदेशन, आणि ज्याला गोळीची गरज त्याला मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ४९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या, तर तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर होते. भेटी न मिळालेल्यांत ३९ टक्के. हे आकडे लॅन्सेटच्या मासिकांत छापून आले. आपल्या साहित्यात विदर्भातल्या आत्महत्येवर पानंच्या पानं आहेत, पण दारात येऊन "झोप लागते का" विचारणाऱ्या त्या गावकऱ्यावर एखादी कथा मला तरी भेटलेली नाही. डॉ. आनंद नाडकर्णींच्या 'विषादयोग'सारख्या पुस्तकांनी नैराश्याबद्दल मराठीत मोकळेपणाने बोलायची वाट केली. ललित लेखन त्या वाटेने आलं नाही.

नाटकात काम करणाऱ्या एका मित्राला हे सगळं ऐकवलं तर तो म्हणाला, "गोळ्या, फॉलोअप, डोस, हे सगळं घातलंस तर सिनेमा राहत नाही, आरोग्य खात्याची जाहिरात होते." आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या पाच सिनेमांच्या यादीतच आहे. 'श्वास'. कोकणातल्या आजोबांच्या नातवाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. ऑपरेशन झालं तर मूल वाचेल, पण दिसणं जाईल. संदीप सावंतांचा हा सिनेमा निदान आणि ऑपरेशन यांच्या मधल्या काळात घडतो. त्यात इस्पितळ आहे, केसपेपर आहे, तारीख पुढे ढकलली जाते, संमतीच्या कागदाचा घोळ आहे, आणि आजोबा नातवाला खाटेवरून उचलून शहर दाखवायला घेऊन जातात. कुणाला तो माहितीपट वाटला नाही. तिथे प्रेम ऑपरेशनच्या जागी येत नाही, ऑपरेशन होतंच. प्रेमाच्या वाट्याला येते ती वाट बघण्याची वेळ, आणि त्या वेळेत अरुण नलावडेंचे आजोबा जे करतात तेवढ्यावर अख्खा सिनेमा उभा राहतो. सुमित्रा भावे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया आणि 'अस्तु'त स्मृतिभ्रंश ज्या धिटाईने पडद्यावर आणला, ती बघता हा मधला काळ दाखवणं त्यांना अवघड गेलं असतं असं मला वाटत नाही. 'कासव'मधल्या मुलाची गोष्ट मी मनात चालू ठेवतो तेव्हा तो देवगडहून परत आलेला असतो, मंगळवार असतो, तेरावा दिवस असतो, आणि रात्री साडेनऊला कुणीतरी त्याच्या हातावर गोळी ठेवून विचारतं, आज कसं.

(ज्यांना हे वाचताना स्वतःबद्दल किंवा जवळच्या कुणाबद्दल काळजी वाटली, त्यांच्यासाठी: टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घेत असलेली गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नये.)